टँकर आला, टँकर आला!

"पहिलं बक्षीस आपलंच! बाकीच्यांनी नुसतं जेवून जावं!" राजेश्वरीने सकाळीच जाहीर करून टाकलं.

कुपवाडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तिने आणि अवधूतने दोन वर्षं राबून एक यंत्र बनवलं होतं. गावात पाण्याचा टँकर शिरला, की ते घरोघरी फोन लावून मराठीत आणि कानडीत ओरडायचं, "टँकर आला, हंडे घ्या!" जत तालुक्यातल्या एका वाडीवर ते चालूही होतं. आता सांगलीतल्या स्पर्धेत गुंतवणूकदारांपुढे सात मिनिटं बोलायचं आणि आणखी पन्नास गावांसाठी भांडवल मिळवायचं. नाहीच मिळालं, तर अवधूत पुण्याला नोकरी धरणार होता.

"हिरवं बटण चाचणीचं, परीक्षकांचे फोन वाजतील. लाल बटण खरं, त्याने वाडीवरचे फोन वाजतात. त्याला हात लावायचा नाही!" अवधूतने दहादा बजावलं होतं.

पण स्टेजवरच्या दिव्यांनी राजेश्वरीचे डोळे असे दिपले, की हिरवं काय अन् लाल काय! तिने झोकात बटण दाबलं. परीक्षकांचे फोन गप्प. तिने पुन्हा दाबलं, चांगलं जोर लावून! समोर बसलेल्या अवधूतचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. तो हॉलच्या स्पीकरला जोडलेला! वाडीवरच्या राहीबाईंचा आवाज छताला धडकला.

"आवं ताई, टँकर कुटं हाय? सारी वाडी उन्हात हुबी हाय! कोंडीबा तोंडाला साबण लावून पळत आलाय, आता धुवायला पाणी न्हाई!"

हॉल खदाखदा हसला. राजेश्वरी मात्र घामाघूम. "मावशी, चूक झाली हो..."

"चूक? तव्यावरच्या भाकरी टाकून आलोय आमी!"

मुख्य परीक्षक चिंतामणराव घड्याळाकडे बघत म्हणाले, "तीन मिनिटं उरलीत. नफ्याचं काय ते सांगा."

राजेश्वरीने पडद्यावरच्या नफ्याच्या आकड्यांकडे पाहिलं. तिला तिथे नुसत्या घागरी दिसायला लागल्या.

"माफ करा सर, आधी टँकरचं बघते!"

तिने स्टेजवरूनच टँकरवाल्याला फोन लावला. "आज न्हाई, परवा बघू," म्हणून त्याने ठेवूनही दिला. घंटा वाजली. दोन वर्षांची मेहनत पाण्यात!

पुढचा नंबर शिरवळच्या ऋषिराजचा. गावोगावचं दूध गोळा करायचं आणि रिकामे परतणारे दुधाचे टँकर भाड्याने मिळवून द्यायचे, हा त्याचा धंदा. सकाळपासून राजेश्वरी त्याच्याकडे वैऱ्यासारखी बघत होती. तो माइकवर आला आणि म्हणाला, "माझी सात मिनिटं सुरू करा. ताई, वाडीचं नाव सांगा."

पडद्यावर नकाशा उघडला. जतजवळ एक धुतलेला टँकर रिकामा उभा होता. ऋषिराजने ड्रायव्हरला फोन केला, "लालासाहेब, सूट, वाटेत पिण्याचं पाणी भरून घे!" सातव्या मिनिटाला टँकरचा ठिपका वाडीच्या दिशेने सरकू लागला. हॉल उठून उभा राहिला.

पहिलं बक्षीस अर्थातच ऋषिराजला! राजेश्वरीने तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. अर्ध्या रागाच्या, अर्ध्या आभाराच्या. खाली उतरताच तिने त्याला हात जोडले.

"आज लाज राखलीत."

"लाज कसली? एका बटणावर अख्खी वाडी रस्त्यावर! आमची दुधाची गाडी दारात हॉर्न वाजवून थकते, पण कुणी बाहेर येत नाही. तुमचं यंत्र आधी आमच्या साठ गावांत बसवा."

अवधूतने पुण्याला तिथल्या तिथे नकार कळवला. राजेश्वरीला रडू आलं, पण तेवढ्यात राहीबाईंचा फोन.

"ताई, टँकर पोचला! लय उपकार झालं. पाण्याला जरा सायीचा वास हाय, पण च्या झ्याक झाला!"

"मावशी, पुन्हा अशी चूक नाही होणार. शप्पथ!"

मग राहीबाई हळूच म्हणाल्या, "शपथ कशाला घेताय? बाया इचारत्यात, पुढची चूक कवा करताय?"