दत्तोबानं राज्यशास्त्र पारखलं

निरवांगीच्या दत्तोबाला आजवर कुणी फसवलं नव्हतं, असं खुद्द दत्तोबाचं मत होतं. गाय घ्यायची तर हा गडी दोन वेळचं दूध स्वतः काढून बघायचा, मगच पैसे मोजायचा. त्यामुळं लेक राजलक्ष्मीनं पुण्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकायचं ठरवलं आणि पाच लाखांच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज सहीसाठी पुढं केला, तेव्हा त्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"सोमवारी शेवटची तारीख हाय, आप्पा! तुमची सही न्हाय झाली तर माझी जागा जाईल!" राजलक्ष्मी रडकुंडीला आली.

"आधी बघू तरी, राज्यशास्त्र दूध किती देतंय! ते शिकलेली पोरं गाठतो, कमाई किती अन् कर्ज किती ते इचारतो. हाय काय नि न्हाय काय!"

"कशापायी इचारताय तेवढं सांगा मातूर त्यास्नी," बायको विजयमाला म्हणाली.

"येडी का खुळी तू? गरज दाखवली की समोरचा भाव चढवतोय!"

आता तुम्हीच सांगा. घरात लग्नाच्या वयाची लेक. बाप कडक टोपी घालून, वही काखेत मारून गावोगाव फिरतोय. बिनलग्नाच्या पोरांच्या घरी जाऊन शिक्षण, कमाई आणि कर्ज विचारतोय, स्वतःचं नाव, गाव, घरची माणसं सांगतोय, पण कशासाठी आलोय ते काही केल्या सांगत नाही! त्यात हल्ली पोरांना पोरी मिळेनात. ह्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. दत्तोबाला कळला नाही.

पहिला गाठला भिगवणचा संदेश. राज्यशास्त्रात बी.ए., आणि मासळीच्या हॉटेलात गल्ल्यावर.

"कमाई?" दत्तोबानं वही उघडली.

संदेशच्या आईनं, चंद्राबाईनं, टोपी बघितली, वही बघितली आणि पोराच्या आधी तोंड उघडलं. "साठ हजार! हाटेल आपलंच म्हना की!"

"कर्ज?"

"रुपयाचं न्हाय, पाव्हणं!" लगोलग चिलापी माशाचं ताट आलं. दत्तोबा दोनदा रस्सा मागून जेवला.

वडगाव निंबाळकरचा युवराज सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देत होता. त्याचे वडील रावजी छाती फुगवून म्हणाले, "साहेब झालाच म्हना! लाखभर पगार." कर्ज? "छ्या!" बारामतीच्या अविराजचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यानं स्वतःला सल्लागार म्हणवून घेतलं आणि नव्वद हजार सांगितले. कर्जाचं नाव काढताच तो इतका हसला की दत्तोबालाच लाज वाटली.

दत्तोबा घरी आला तो तरंगतच. "सरासरी त्र्याऐंशी हजार! कर्ज शून्य! अन् पाहुणचार तर काय इचारू नगस! रविवारी आंघोळ करून सही ठोकतो!"

रविवारी आंघोळ झाली. सही व्हायच्या आतच अंगणात तीन गाड्या येऊन थांबल्या. त्यातनं तीन नवरदेव, त्यांचे आईबाप, दोन मामा, पाच आत्या आणि पेढ्यांचे पुडे उतरले!

"पोरगी बघाय आलोय," रावजी म्हणाले.

"मग आमी काय म्हस बघाय आलोय व्हय?" चंद्राबाई कडाडली.

दत्तोबानं घाईघाईनं सतरंजी अंथरली. एका सतरंजीवर तीन वरपक्ष! पोहे येईस्तोवर एकमेकांची लक्तरं निघाली.

"लाख पगार? तुमच्या युवराजनं परीक्षेच्या फीला माझ्या भाच्याकडनं उसनं पैसं नेल्यात!" चंद्राबाईनं सुरुवात केली.

"अन् तुमच्या संदेशला मालक नऊ हजार टेकवतोय!" रावजी उसळले.

"ह्या अविराजचं तर मशीनबी हप्त्यावर हाय!" यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

दत्तोबा अर्ज घेऊन स्वयंपाकघरात घुसला. "पोरी, राज्यशास्त्र भाकड निघालं! सही न्हाय करत जा!"

राजलक्ष्मीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुणं, कॉलेज, होस्टेल, सगळं त्या पोह्यांच्या वाफेत विरताना दिसलं तिला. पण बाहेरचा आवाज वाढला, तशी ती डोळे पुसून अंगणात गेली. एक पक्ष गोठ्याकडं नेला, दुसरा लिंबाखाली, तिसरा ओसरीच्या टोकाला. प्रत्येकाशी दोन-दोन मिनिटं बोलली. आणि काय नवल! तिन्ही पक्ष पोहे खाऊन, हसत, गपगुमान गाडीत बसले. चंद्राबाईनं तर जाताना तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली.

"काय सांगितलंस गं त्यास्नी?" दत्तोबानं आ वासला.

"एवढंच, की तुमच्या पोराचा इचार करू, पण माझी डिग्री झाल्यावर. अन् बाकीच्या दोघांस्नी बोलू नगा."

"आरं तिच्या! हे राज्यशास्त्र तर तुला आधीच येतंय! मग फी कशाला भरायची?" दत्तोबा खूष झाला. "पाच लाख वाचलं की!"

"वाचतील की. पर ॲडमिशन न्हाय झालं तर मंगळवारी सकाळीच या म्हनलंय मी त्यास्नी."

"कुनाला?"

"तिघांस्नीबी. समद्या आत्यांसकट."

दत्तोबानं पेनाचं टोपण दातानं काढलं. जिथं खूण होती तिथं सही केली, नव्हती तिथंही केली.

विजयमालाला मात्र वेगळीच धास्ती. "अगं, पर तीन वर्सांनी डिग्री झाली अन् तिघंबी दारात हुबी ऱ्हायली, तर?"

"मग एम.ए. हाय की!" राजलक्ष्मी म्हणाली. "त्याचा अर्ज येगळा असतोय."