आज उडणार म्हंजे उडणार!

"लिहून घ्या! शनिवारी संध्याकाळी पाचला रॉकेट उडणार म्हंजे उडणार!"

वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात भुजंग सरांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की बशीतला चहा शेजाऱ्याच्या धोतरावर उडाला. सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. तिकडं परदेशात एका खासगी कंपनीचं रॉकेट चार माणसं घेऊन अंतराळात निघणार होतं, आणि ते शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचा विडा सरांनी उचलला होता.

शनिवारी हॉल खचाखच भरला. सात मिनिटं उरली असताना कंपनीनं सांगितलं, व्हॉल्व गळतोय, आज रद्द!

"आत माणसं बसलेत. गळती घेऊन उडवायचं का?" सर म्हणाले.

"माझी जीप तीन वर्षं झाले गळून राह्यली," पंक्चरवाले सर्जेराव म्हणाले. "रोज परतूरला जाऊन येती!"

दुसऱ्या खेपेला ढग आले, तिसऱ्या खेपेला वारा सुटला. गावात सरळ दोन पार्ट्या पडल्या: 'उडणार' आणि 'न्हाई उडत'. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही एवढी चुरस नव्हती! सर दुकानावरून निघाले, की सर्जेराव टायरची हवा सोडायचे, फुस्स्! "सर, उडालं बघा तुमचं!"

घरी बायको, द्वारकाबाई, तिसऱ्याच पार्टीची.

"आधी त्या चौघांना खाली उतरवा," ती म्हणाली. "त्यांच्या माया घरी वाट बघून राह्यल्या असतील."

सरांचा इरेला पेटलेला जीव! चौथ्या खेपेला त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, "आज संध्याकाळी आपल्या शाळेत रॉकेट उडणार… पडद्यावर!" नेमकं 'पडद्यावर'च्या वेळी फाट्यावर उसाच्या ट्रकनं हॉर्न दिला. बातमी फोनाफोनी करत थेट शहागडला पोचली. साडेचारला तिकडून एक जीपभर माणसं उतरली.

"रॉकेट कुठं उभं केलंय?" त्यांच्यातल्या साळूबाईनं विचारलं. "आमी लांबूनच बघू बाबा. भाजलं-बिजलं तर?"

सरांनी घाम पुसत त्यांना हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवलं. प्रोजेक्टर सुरू झाला. पडद्यावर पांढरंशुभ्र रॉकेट. दहा मिनिटं उरली आणि आकडे थांबले!

"घ्या! आज बी न्हाई उडत!" सर्जेराव उभे राहिले. 'उडणार' पार्टीतलेसुद्धा चपला शोधू लागले.

आता मात्र सरांचं टाळकं सटकलं. थेट प्रक्षेपणाचा आवाज बंद करून त्यांनी माइक हातात घेतला आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बसा खाली! उशीर म्हंजे अपयश न्हाई! चार जीवांचा सवाल आहे. तपासणी बराबर झाल्याबिगर—"

सर रंगात आले. निवृत्तीनंतर एवढा मोठा वर्ग त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांच्या पाठीमागं आकडे पुन्हा चालू झाले, याचा त्यांना पत्ताच नव्हता. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत जाऊन समोरचं काही दिसतही नव्हतं.

"सर, सरका!" कोणीतरी ओरडलं.

सरांना ऐकू आलं, 'सरकार'.

"सरकारचा काय संबंध?" सर गरजले. "कंपनी खासगी आहे!"

"अहो सरका! सरका!" अख्खा हॉल ओरडू लागला.

"पुन्हा सरकार! सांगितलं ना, सरकारचा रुपया न्हाई त्याच्यात!"

सरांच्या कपाळावर पाच, चार, तीन उमटले. मग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बेंबीपाशी, आगीचा लोळ उठला. रॉकेट पोटावरून निघालं, छातीवरून चढलं, हनुवटीला वळसा घालून टोपीतून आभाळात गेलं!

टाळ्या, शिट्ट्या! साळूबाईनं हात जोडले. द्वारकाबाईनं "जपून जा रं लेकरांनो" म्हणत डोळ्याला पदर लावला.

आपलं भाषण एवढं आवडलं म्हणून सर खूश झाले. मग सहज मागं वळून पाहिलं, तर पडद्यावर नुसता धूर.

"उडालं?"

"उडालं की!" सर्जेरावांनी धावत येऊन सरांना मिठी मारली. "हरलो, सर! पण पुढच्या बारीला बिनखिशाचा सदरा घाला. खिशापाशी रॉकेट असं वाकडं झालं, आमचा जीवच गेल्ता!"