एकशे बारा कोरफडी आणि तितकेच मयत

सनिय्यामावशीला गुरुवारच्या बाजारात कोरफडीचा रस विकायचा होता. एवढंच. यात गुन्हा म्हणावा असं काही नव्हतं, पण इजिप्तमधल्या आमच्या फय्यूमात सरकारी टेबलासमोर उभं राहिलं की तो सापडतो.

रस मावशी स्वतः काढायची. पहाटे पानं कापून बादलीत उभी करायची, त्यातला पिवळा कडू चीक खाली गळून जायचा. मग साल सोलायची, गर काढायचा, लिंबू, पाणी, की भरल्या बाटल्या. चीक फेकायची नाही. तो बरणीत. ज्या बाईला पोराचं अंगावरचं दूध तोडायचंय, ती बोटभर चीक न्यायची आणि लावायची. पोर एकदा तोंड लावतं. दुसऱ्यांदा नाही.

रस टिकतो तीन दिवस. मंगळवारी बाटल्या भरून झाल्या आणि कळलं, आता बाजारात बसायला परवाना लागतो.

परवान्याचे साहेब हिल्मी. दर पान उलटताना अंगठा जिभेवरून फिरवणार, मग कागदाला लावणार.

"कोरफड," अंगठा चाटून ते म्हणाले, "कुठे लावतात?"

आता हा काय प्रश्न झाला? माझं डोकंच फिरलं. "कुठे म्हणजे? सगळं गाव लावतं तिथे, कबरीवर! तुमच्या आजोबांच्या कबरीवर काय गुलाब लावलाय?"

मावशीने मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. साहेबांनी 'फळे व भाज्या' खोडलं आणि वर 'दफनभूमी' लिहिलं.

"छान. हाजीणबाई, तुमच्या शेतात एकशे बारा रोपं. प्रत्येक रोपाखालच्या मयताचं नाव द्या."

"अहो साहेब, माझ्या शेतात कुणी पुरलेलं नाही!"

"म्हणजे मयत नसताना कबरीचं झाड? हे तर अतिक्रमण. उद्या संध्याकाळी सगळी उपटली जातील."

"मग काय झाडागणिक एक माणूस मारून आणू?" मी ओरडले.

"शाळा सोडलीस ना नवारा, तेव्हा जीभही तिथेच सोडून यायचं होतंस."

गाव मावशीच्या बाजूने उभं राहिलं. त्या झाडांनी कुणाचं भाजलेलं बरं केलं होतं, कुणाचं पोट साफ केलं होतं. "नावच तर द्यायचंय," म्हणत शेजारच्या इनशिराहने स्वतःचं दिलं, नवऱ्याचं दिलं, सासूचं तर दोनदा देत होती. तासाभरात एकशे बारा मयत जमले, चहा पिऊन घरी गेले. यादी साहेबांकडे गेली.

सरकार एवढं चपळ कधीच नव्हतं. बुधवारी सकाळी रेशनच्या भाकरीच्या रांगेत सुबहीकाकाने इनशिराहचं कार्ड यंत्रात घातलं आणि हात जोडले.

"अल्लाह तुझ्यावर दया करो, पोरी. तू वारलीस."

"काका, मी तुमच्यासमोर उभीय!"

"मला दिसतेस गं. यंत्राला नाही दिसत."

तिच्या मागची अख्खी रांग वारलेली होती. सगळे मयत उपाशीपोटी, शिव्या देत हिल्मी साहेबांच्या दारात.

"मयताला अर्ज करता येत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "वारसाने करावा."

"वारस पण मेलाय, हा बघा!" इनशिराहने नवऱ्याला पुढे ढकललं.

"मग वारसाच्या वारसाने. दर मयताला एक पान. मी एकेक वाचणार."

गावात यादीबाहेरचा वारस शोधता शोधता एकच सापडला. इनशिराहचा दोन वर्षांचा रजब. तो तेव्हाही आईच्या पदराखाली शिरून चुरुचुरु पीत होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या ओल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"नवारा," ती हळूच म्हणाली, "बरणी आण. आज दोघांचंही तोडू."

एकशे बारा पानांच्या कोपऱ्यांना आम्ही चीक लावला आणि उन्हात वाळवला. सरकारी कागद मुळातच पिवळा, कुणाला कळणार? खाली रजबचे अंगठे उठवले.

साहेबांनी अंगठा चाटला, पहिलं पान उलटलं. परत चाटला. तोंड वाकडं झालं. तिसऱ्या पानाला पाणी मागितलं. पाचव्याला म्हणाले, "या अर्जात जरा... कडवटपणा आहे."

"मेलेल्यांचा अर्ज आहे साहेब," मावशी म्हणाली. "राहणारच थोडा."

सातव्या पानाला साहेबांनी खालचा ओठ बाहेर काढला, हुबेहूब रजब. मग उरलेला गठ्ठा दूर सरकवला आणि न वाचता धडाधड शिक्के मारले. गाव जिवंत झालं, कोरफडी जागच्या जागी राहिल्या. मावशीचा परवानाही आम्ही त्याच गठ्ठ्यात सरकवला होता, तोही झाला.

गुरुवारी रसाच्या सहाच बाटल्या गेल्या. बरणीपुढे मात्र ही रांग! मावशी प्रत्येकाला एकच विचारायची, "तुझा साहेब कुठलं बोट चाटतो?"

दुपारी रांगेत कोण, तर हिल्मी साहेब. "हाजीणबाई, मला जरा जास्त द्या," ते कुजबुजले. "जिल्ह्याचे साहेब दोन्ही हातांची चाटतात."

तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात कुणी काही वाचत नाही. कामं कशी झटपट होतात! तुम्ही मात्र इथपर्यंत वाचत आलात. आता पान उलटायला बोट जिभेकडे नेताय ना? न्या, न्या. फक्त आधी कोपरा बघा.