गरम सारूचं वजन

श्रीपतराव मेष्ट्रु जिना कधीही रिकाम्या हातांनी उतरत नाहीत. म्हैसूरच्या अग्रहारातल्या आमच्या तीन बिऱ्हाडांच्या घरात ते सगळ्यात वर राहतात, आम्ही मधे आणि खाली गोदक्का. उतरताना ते आमच्या दाराशी थांबून हाक मारतात, "सुधा, खाली जायचं काय आहे का ग?" कचरा, रद्दी, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं. एकदा माझ्या नणंदेची सूटकेसच घेऊन गेले. ती बिचारी हुणसूरच्या बसनं नुकतीच आली होती आणि बॅग दाराशी टेकवून पाणी प्यायला आत वळली होती. बॅग रस्त्यावर सापडली.

यामागे शास्त्र आहे. मेष्ट्रु म्हणजे आमच्या इकडच्या कन्नडात मास्तर, आणि श्रीपतरावांनी जन्मभर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलं. ते म्हणतात, "वर चढायला सकाळच्या इडल्या खर्ची पडल्या की नाही? त्या आता स्थितिज ऊर्जा होऊन अंगात बसल्यात. सुम्ने उतरलो तर सगळं वाया, गोत्ता?" 'सुम्ने' म्हणजे उगाच, 'गोत्ता' म्हणजे कळलं का. जगात कुठलीही गोष्ट सुम्ने झालेली त्यांना खपत नाही.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "कुठं गेली, सांगा!" ऊर्जा नाहीशी होत नाही, नुसतं रूप पालटते, तेव्हा ती कुठे गेली हे सांगण्याची जबाबदारी समोरच्याची. एकदा माझं आणि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, तर हे दारात उभे. "भांडा, भांडा. पण एवढी ध्वनी ऊर्जा शेवटी कुठं गेली, सांगा! भिंतीत गेली. दोघं मिळून भिंत गरम करताय तुम्ही." तेव्हापासून भांडण रंगात आलं की माझा नवरा भिंतीला हात लावून बघतो आणि म्हणतो, "अजून गारच आहे." मग कसलं भांडण आणि कसलं काय! दसऱ्याची रोषणाई बघायला सगळं गाव लोटतं, तिथे हे एखाद्या जुन्या बल्बजवळ तळहात नेऊन खिन्नपणे म्हणतात, "प्रकाश मागितला, मिळाली ऊब."

त्यांची बायको शारदक्का होती तोवर या सगळ्याला एक लगाम होता. "तुमची ऊर्जा राहू दे, आधी कोथिंबीर आणा," एवढं ती म्हणाली की मेष्ट्रु मुकाट्यानं पिशवी उचलायचे. ती गेल्यावर घर गप्प झालं आणि मेष्ट्रूंचं शास्त्र मोकाट सुटलं.

आता गोदक्काबद्दल सांगते. तिचं माहेर कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, बोलणं तिखट आणि ताठा असा की विचारू नका. नवरा गेला, मुलगा लांब नोकरीला. हात थरथरायला लागले तसा तिनं स्वयंपाकच सोडला आणि चुरमुरे अन् कॉफीवर दिवस काढायला लागली. मी एकदा उप्पिट नेऊन दिलं, तर संध्याकाळी वाटी परत. आत उप्पिट जसंच्या तसं! "फुकटचं गळ्याखाली उतरत नाही ग मला," म्हणाली. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती. मला फार काळजी वाटायची, पण करणार काय?

अशात मेष्ट्रूंनी गॅलरीला कप्पी लावली. दोरीच्या दोन टोकांना दोन टोपल्या. खालच्या टोपलीत गोदक्कानं त्यांचं दूध आणि पेपर ठेवायचा, वरच्या टोपलीत त्यांनी जेवणाचा डबा ठेवायचा. डबा उतरला की दूध आपोआप चढतं. डबा गोदक्कानं ठेवून घ्यायचा, कारण तो भरलेलाच परत वर पाठवला तर "सगळी ऊर्जा सुम्ने!" मी म्हटलं, "डब्याऐवजी वीट ठेवा की." त्यावर मेष्ट्रु माझ्यावर असे खेकसले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. गोदक्कानं मात्र मान्य केलं. ती मला म्हणाली, "मेष्ट्रूंचं काम अडतंय म्हणून घेते हां मी." रोज सकाळी तो डबा सारूचा, म्हणजे आमच्या इकडच्या पातळ आमटीचा, वास सोडत आमच्या गॅलरीसमोरून खाली जायचा आणि हळूहळू गोदक्काच्या गालावर मांस धरायला लागलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच माझा भाचा अभिजित पुण्याहून आला. मेकॅनिकल इंजिनीअर, म्हैसूरला नवी नोकरी. पहिल्याच सकाळी गॅलरीत दात घासता घासता त्यानं टोपल्यांची वरखाली पाहिली आणि तोंडातला ब्रश काढून वर बघत विचारलं, "काका, यात वाचलं काय?"

"काय म्हणजे? ऊर्जा!" वरून आवाज आला.

"पण डब्यातले तांदूळ, डाळ, पाणी आधी वर चढवावं लागलंच ना? त्याला जेवढी ऊर्जा गेली तेवढीच उतरताना मिळणार. थोडी तर कप्पीच्या घर्षणात जाणार. त्यापेक्षा नुसतं दूध वर ओढून घ्या. डब्याची गरजच नाही!"

खाली गोदक्काचा डब्याकडे गेलेला हात थांबला. "हौदा मेष्ट्रे? खरं का हे? डबा नसला तरी दूध चढतं?"

मेष्ट्रु कठड्यावरून खाली वाकले.

"मग उद्यापासून नको बाई. मला वाटलं तुमचं काम होतंय." तिनं हात मागे घेतला.

"अय्यो, थांबा!" मेष्ट्रु ओरडले. "ह्या पोराला काय कळतंय? डबा गरम असतो, हे विसरलाच तो! गरम सारू गार सारूपेक्षा जास्त जोरानं खाली ओढतो. उष्णतेची यांत्रिक ऊर्जा होते, अल्वा, हो की नाही? म्हणून तर वीट चालत नाही!"

अभिजितचा ब्रश हातातून गळाला. "काका, अहो, गरम केल्यानं वजन..."

मी वर पाहिलं. मेष्ट्रूंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्यांचे कान लाल झाले होते. कुणा विद्यार्थ्यानं असलं काही लिहिलं असतं, तर त्याला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण त्यांचं लक्ष अभिजितकडे नव्हतंच. ते खाली, गोदक्का तो डबा उचलते का, तेवढंच बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अभिजितच्या पायावर माझा पाय दाबून ठेवला.

"आं... हो हो," तो कळवळून म्हणाला. "गरम असेल तर फरक पडतो. विशेषतः टोमॅटोचा सारू असेल तर."

गोदक्कानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि डबा उचलून आत नेला.

दुपारी मी मुद्दाम खाली गेले. ती जेवत होती. मी उगाचच सकाळचा विषय काढला, गरम सारूचं शास्त्र तिला नीट पटलंय ना बघावं म्हणून.

"गप ग," ती म्हणाली. "रंगाऱ्याची पोर मी. रंगाचे हंडे उचलण्यात जन्म गेला. गरम काय नि गार काय, हंडा तेवढाच जड."

"मग घेता कशाला डबा?"

ती भात कालवू लागली. "शारदा गेल्यावर हा बाबा चूलच पेटवत नव्हता. वरून भांड्याचा एक आवाज यायचा नाही. एकट्यासाठी कोण रांधतं ग? मला ठाऊक आहे ना. आता माझा डबा भरायचा म्हणून पहाटे उठतो, फोडणी करतो, दोन घास स्वतःही खातो. मी नको म्हटलं तर त्याची चूल पुन्हा बंद."

मी तिच्या ताटात भात वाढायला गेले. तिनं माझा हात धरला.

"त्याला काही सांगू नकोस. मेष्ट्रु आहे, मनाला लावून घेईल. पण तुझ्या त्या इंजिनीअरला एक काम सांग. मीठ जास्त घातलं की सारू आणखी जोरात ओढतो, असं काहीतरी मेष्ट्रूंना पटवून दे म्हणावं. किती महिने झाले, अळणी खाते आहे मी."