हातभर दाबलं, बोटभर उचललं

ऐका, मुलांनो. मागच्यांनी चुळबुळ थांबवा. एका जंगलात एक खोल खड्डा होता. तो कुणी खणला हे कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याचं उद्घाटन कुणी केलं ते सगळ्यांना पाठ होतं.

त्या खड्ड्यात गजगौरी हत्तीण पडली. तिचं दूधपितं पिल्लू काठावर उभं राहून रडू लागलं. गेंड्यांनी दोर लावून ओढलं. दोर तुटले, गेंडे पालथे पडले.

तेव्हा जळबा नावाचं पाणमांजर पुढे झालं. त्याने एक जाडजूड पोकळ बुंधा खड्ड्यात उभा केला. त्याला खालून बांबूची बारीक नळी जोडली, दोन्हींत पाणी भरलं आणि वर एकेक घट्ट दट्ट्या बसवला. पाणी मागे फिरू नये म्हणून मध्ये झडप लावली. रुंद दट्ट्यावर हत्तीण उभी राहिली. बारीक दट्ट्यावर झिपरी खार बसली.

"दाब, झिपरे," जळबा म्हणाला.

झिपरीने दाबलं आणि हत्तीण हलली! मग खार दाबत राहिली, जळबा नळीत पाणी ओतत राहिला. दुपारपर्यंत हत्तिणीचे कान खड्ड्याबाहेर आले. पिल्लाने सोंड लांबवली. आईपर्यंत वीतभरच अंतर उरलं होतं.

तेवढ्यात सिंहमहाराज आले. काम चांगलं चाललं होतं ना, मग यायलाच हवं. सोबत कोल्हा होता.

"शेवटचा दाब आमच्या हस्ते," महाराज म्हणाले आणि त्यांनी दट्ट्या हातभर खाली दाबला. हत्तीण बोटभर वर आली.

कोल्हा कानाशी लागला. "महाराज, आपण हातभर दिलंत. तिला पोचलं बोटभर. मधलं कुणी खाल्लं?"

"कुणीच नाही, महाराज," जळबा गडबडीने म्हणाला. "पाण्याचा दाब रुंद दट्ट्याला खालून सगळ्या रुंदीभर ढकलतो, म्हणून जोर वाढतो. त्या बदल्यात अंतर घटतं. खारीने हत्ती उचलायचा तर दाबायचं पुष्कळ, उचलायचं थोडं."

"जोर आम्हाला दिसत नाही. अंतर दिसतं. नळी उघडा!"

नळी उघडली. पाणी भसाभस वाहून गेलं आणि बिचारी हत्तीण पुन्हा तळाशी गेली. नळीत कुणीच सापडलं नाही, तेव्हा पाण्याला फरार घोषित केलं.

मग कोल्ह्याच्या देखरेखीखाली नवं यंत्र झालं. दोन्हीकडे सारखेच रुंद बुंधे. हातभर दाबलं की हातभर उचललं गेलंच पाहिजे! एकीकडे हत्तीण, दुसरीकडे झिपरी. झिपरीने दाबलं, उड्या मारल्या, शेवटी फतकल मारून बसली. हत्तीण जागची हलली नाही.

"बघा!" कोल्हा ओरडला. "आता मध्ये कुणी तसूभरसुद्धा खात नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पिल्लाने तो संपायची वाट पाहिली. मग ते स्वतःच घसरत खड्ड्यात उतरलं आणि आईला बिलगून दूध पिऊ लागलं.

मायलेकरांची भेट घडवून आणल्याबद्दल महाराजांचा सत्कार झाला.

तात्पर्य: मुलांनो, काम अगदी स्वच्छ व्हायला हवं असेल, तर ते होऊच देऊ नये. आणि आई खड्ड्यात पडली, तर आपणही उडी मारावी. तेवढ्याची चौकशी होत नाही.