बोऱ्हाडे मामांची पारख

माझ्या लग्नाची पत्रिका बोऱ्हाडे मामांनी वाचलीच नाही. तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि परत दिली. "कटिंग तिरकं हाय. रिजेक्ट."

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं क्वालिटीला. मी इंजिनिअर, मामा मोशीचे, तीस वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे तुकडे, तपासणारे. हातात येईल त्याची कड बघायची त्यांची खोड. कॅन्टीनची ताटं, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं दार, साहेबांच्या मिशा, काही सुटायचं नाही. व्याह्यांच्या घरची पुरणपोळीसुद्धा कडेला कच्ची म्हणून परत पाठवली होती. "मधी काय बघायचं? खोट कडंला असती." लाइनवर तपासणीचा कॅमेरा बसवला, तेव्हा मामांनी त्याचं नाव 'डबडं' ठेवलं. डबड्यानं पास केलेले तुकडे ते गुपचूप उचलून बघायचे. वर्षाकाठी एखादी चूक सापडली की पेढे वाटायचे.

मग त्यांच्या बायकोचा, लतामामींचा, खोकला थांबेना. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून थेरगावच्या डॉक्टरांकडे मामांनी मलाही नेलं.

डॉक्टरांनी स्क्रीनवर फुफ्फुसातली गाठ दाखवली. कॉम्प्युटरनं स्कॅनचा ठिपका न् ठिपका मोजून तिच्याभोवती लाल रेघ ओढली होती. "गाठ आजूबाजूला शिरायला लागली असावी, असा याचा अंदाज आहे. मलाही तेच वाटतं. लवकर काढून टाकू, मग नक्की कळेल."

मामी म्हणाल्या, "आवो, तुमी बघा की. तुमाला कळतंय कडंचं."

मामा पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. "साफ हाय," ते म्हणाले. "डबडं चुकतंय."

डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. मामींनी मात्र पिशवी उचलली. तीस वर्षांत ज्या माणसानं त्यांची एक भाकरी पास केली नव्हती, त्यानं गाठ पास केली होती. आता कोणाचं कशाला ऐकायचं?

'पुढल्या म्हैन्यात बघू' करत आठ महिने गेले. मी रोज टोकायचो. एकदा सगळ्या कामगारांसमोर मामा ओरडले, "तुमच्या डबड्यापरीस माझे डोळे बरे!" मला अपमान वाटला आणि मी विचारणं सोडलं. ते मला अजून सलतं. दुसऱ्या स्कॅनमध्ये कॅन्सर यकृतापर्यंत पसरलेला दिसला. ऑपरेशनचा विषयच संपला. उन्हाळ्यात मामी गेल्या.

दहाव्यानंतर मोशीला गेलो, तो मनात राग घेऊनच. मामा ओट्यावर एकटे बसले होते. मला आवरलं नाही. "मामा, एवढी तुमची पारख. तेवढीच कशी चुकली?"

"चुकली न्हाई." ते अंगणाकडे बघत होते. "मला तवाच दिसलं व्हतं. कडंला काटं फुटल्यालं. पार आत शिरल्यालं."

"मग साफ का म्हणालात?"

"टेबलाखाली तिनं माझा हात धरला व्हता, सायेब. घामानं वला. लगीन झाल्यापासनं चारचौघात कधी धरला न्हवता. साफ म्हनलो, तवा सोडला." त्यांनी तळवा धोतरावर पुसला. "म्हनलं, आज हिला जेवू द्यावं. उद्या सांगू. तर दुसऱ्या दिशी सकाळी गाणं म्हनत व्हती."

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो.

"मग कवा सांगायचं?" मामांनी मला विचारलं. खरोखरच विचारलं.