एकशे अठरा लाल गोल

पद्मराज उपाध्येला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. कुठलंही काम त्याच्याकडे द्या, तो ते अर्ध्या वेळात बसवून दाखवी. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला माणूस तो. पोतं बघून वजन सांगायची घरची सवय, बेळगावात नोकरीला आल्यावर त्यानं ती माणसांनाही लावली.

देशभर घरोघरी जाऊन एचआयव्ही आणि मलेरियाची पाहणी करायची, असं घाटत होतं. पैसा मंजूर करायच्या आधी दिल्लीच्या लोकांना एका गावात तालीम करून बघायची होती. दिवस किती लागतात, खर्च किती येतो, एवढं कळायला हवं होतं. ती तालीम पद्मराजच्या संस्थेकडे आली आणि तक्ता मांडायचं काम त्याच्याकडे.

बैठकीत त्यानं तक्ता पडद्यावर लावला. आजार दोन, पण पथक एक, गाडी एक, बोटाला टोचणंही एकदाच. दिल्लीच्या बाई खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "गावाला आधी समजावून सांगायला एक आठवडा होता, तो कुठे गेला?"

"तो मी काढला, मॅडम. आमचीच माणसं आहेत. दारात गेलं की चहा टाकतात. त्यांना आठवडाभर काय समजवायचं?"

पथकाची प्रमुख नीलम त्याच्या शेजारीच बसली होती. खानापूरकडची नर्स, बोलणं कमी. ती वहीत बघत म्हणाली, "सर, चहा टाकतात ते पाहुण्याला. रक्त मागणाऱ्याला न्हाय."

पद्मराजनं ते ऐकलं आणि पुढचं पान लावलं.

गाव ठरलं चिंचवाडी, बेळगुंदीच्या पलीकडचं. घरं एकशे अठरा. त्यातली तीस कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलली. पथकाला घर सापडावं म्हणून दाराशेजारी खडूनं खूण करायची पद्धत असते. खडू पुसला जातो, म्हणून पद्मराजनं ऑइलपेंटचा डबा घेतला. रंग लाल, कारण दुकानात तोच शिल्लक होता. सकाळी सातलाच जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं तीस घरांवर तीस ठसठशीत गोल काढले.

शालूबाई अंगण झाडत होती. "आमच्याच भिंतीला काय ओ हे, साहेब?"

"नंबर लागलाय तुमचा, मावशी. एवढ्या घरांतनं निवड झाली."

निवड म्हटल्यावर शालूबाईला बरं वाटलं. मच्छे गावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या तिच्या आरोहीचं लग्न जमलं होतं आणि रविवारी पाहुणे तारीख धरायला येणार होते. अशात सरकारनंही घर निवडलं. तिनं गल्लीभर सांगितलं. ज्यांच्या भिंती कोऱ्या होत्या ती मंडळी खट्टू झाली. बाळाबाई नावाच्या म्हातारीनं तर आपल्याही घराला गोल काढून मागितला आणि पद्मराजनं तो हौसेनं काढून दिला.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी पथकानं संमतीचे कागद वाचायला घेतले. मलेरियापर्यंत सगळे माना हलवत होते. पुढचा शब्द आला तशा माना थांबल्या. कुणाला काय आहे हे बघून घर निवडलेलं नाही, असं नीलम प्रत्येक ठिकाणी सांगत होती. पण ती सांगत होती घरात आणि गाव उभं होतं बाहेर. दिवस मावळायच्या आत गावानं आपला अर्थ लावला. ज्या घरात तो रोग आहे, त्या घराला गोल आहे.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर गोलवाल्यांचे दुधाचे कॅन वेगळ्या रांगेत गेले. बाळाबाई रॉकेल घेऊन भिंत घासत बसली होती.

"सर, आज टोचणं बंद करू," नीलम म्हणाली. "देवळापुढं सगळ्यांना बसवू. दोन दिवस नुसतं बोलू."

"दोन दिवस तक्त्यात न्हाईत," पद्मराज म्हणाला. "घरांत फरक दिसतोय, हाच घोळ हाय न्हवं? मग फरकच घालवू."

आणि त्यानं उरलेल्या सत्त्याऐंशी घरांवरही गोल काढले.

गाव खरंच शांत झालं. सगळेच गोलवाले म्हटल्यावर कोण कुणाला बोलणार? डेअरीवर पुन्हा एकच रांग लागली. पद्मराज त्या दिवशी पोटभर जेवला.

पण गोल काय फक्त गावातल्यांनाच दिसत होते? दूध न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं वेशीपासून देवळापर्यंत लालेलाल भिंती बघितल्या आणि रिकामाच परत फिरला. त्याच्या टेम्पोआधी बातमी पुढच्या चार गावांत पोचली. रविवारी आरोहीचे पाहुणे वेशीपर्यंत आले आणि गाडीतनं उतरलेच नाहीत. शालूबाईनं तीस माणसांच्या पोळ्या लाटल्या होत्या.

पद्मराज नीलमला घेऊन नवऱ्या मुलाच्या घरी गेला. मुलाचे वडील आण्णाप्पा, भला माणूस. त्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं.

"साहेब, बाकीचं राहू द्या. त्या घरात हाय का न्हाय, एवढंच सांगा."

"ते मला सांगता येत न्हाय, आप्पा."

"म्हंजे हाय."

"तसं न्हवं. मला माहीतच न्हाय. रक्त लांब तपासायला गेलंय, त्याच्यावर नाव नसतंय. आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

"नसलं तर सांगायला काय जातंय?"

"ज्यांना न्हाय त्यांचंबी सांगायचं न्हाय, असा नियम हाय."

"जे न्हायच, ते झाकायला नियम कशाला लागतोय?"

पद्मराज एकेक खरं सांगत होता आणि एकेका खऱ्यानं आरोहीचं लग्न दोन हात लांब जात होतं. मग नीलमनं समजावलं. हा रोग शेजारी बसून, एका ताटात जेवून होत नाही. झाला तरी औषधं आहेत, माणूस संसार करतो. आण्णाप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असंल, बाई. पण ह्या साहेबांनी अख्खं गाव रंगवलंय, ते का?"

पद्मराजनं हातातलं पाणी खाली ठेवलं. आण्णाप्पांनी उठून हात जोडले.

शालूबाईला ते सांगायला तो स्वतः गेला, नीलमही बरोबर होती. आरोही कामावरनं नुकतीच आली होती. नीलम तिला म्हणाली, "तुझ्या मनात असलं तर तू स्वतःहून तपासून घेऊ शकतीस. कागद तुझा, दाखवायचा का न्हाय ते तू ठरव."

"घे की गं," शालूबाई म्हणाली.

"आज माझा कागद दाखवीन, आई. उद्या तुझा मागतील, परवा बाबांचा. कागदावर लगीन करायचं न्हाय मला."

शालूबाईनं पदर खोचला. मग पद्मराजला म्हणाली, "तुम्ही चांगलं करायलाच आलता न्हवं, साहेब?"

"व्हय, मावशी."

"मग आधी सांगायचं की ओ."

ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. तो चपला हातात घेऊनच अंगणाबाहेर पडला आणि गाडीपाशी आल्यावर त्याच्या ते लक्षात आलं.

पुढचे चार रविवार त्यानं स्वतःच्या खर्चानं चुना आणून भिंती रंगवल्या. पहिल्या हातात लाल रंग गुलाबी होऊन वर आला, म्हणून दोन हात द्यावे लागले. देवळापुढं बैठकही झाली. पहिल्या रविवारी अकरा माणसं आली, चौथ्या रविवारी साठ. दुधाचा टेम्पो सुरू झाला. आण्णाप्पांच्या मुलाचं मात्र तोवर दुसरीकडे जमलं होतं.

पद्मराजनं अहवालात काही लपवलं नाही. गोलांचं लिहिलं, मोडलेल्या लग्नाचं लिहिलं, काढून टाकलेला आठवडा परत द्या असंही लिहिलं. दोन महिन्यांनी दिल्लीहून पत्र आलं. पाहणीला पैसा मंजूर झाला होता आणि इतक्या थोड्या दिवसांत तालीम पुरी केल्याबद्दल त्याचं अभिनंदन होतं.

दिवाळीनंतर खडेबाजारात त्याला आरोही दिसली. मैत्रिणीबरोबर चपला बघत होती. तो मुकाट्यानं शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरायला लागला, तर तिनंच हाक मारली.

"सर, तुमच्या पाहणीचं काय झालं?"

"मंजूर झाली. देशभर होणार."

"आता पहिलं गाव कुठलं?"

त्यानं नाव सांगितलं.

"तिथं आधी सांगणार न्हवं?"

"व्हय. सांगणार."

"बरं झालं," ती म्हणाली आणि चपलांकडे वळली.

सांगायला सात दिवस मागितले होते, त्यातला अर्धा दिवस मिळाला होता. हे काही त्यानं तिला सांगितलं नाही.